चार ठिपक्यांचा डबा

आमच्या विश्रामबागच्या ऑफिसात माझा एक सहकारी विहिरींच्या पाणीपातळीचे आलेख काढतो, आर भाषेत कोड लिहून. तालुक्याला एक डबा, म्हणजे तिथल्या पातळ्या दाखवणारी चौकट; जितक्या जास्त विहिरी मोजल्या, तितका डबा रुंद. कोड चालवला की जांभई देत म्हणतो, "बघू, काय म्हणतंय."

परवा साहेब वैतागले. "कवठे महांकाळचा डबा काडीएवढा दिसतोय. सगळे सारखे करा."

"करतो, साहेब."

केले. मग दर विहिरीचा एक ठिपका टाकला. बाकीचे डबे ठिपक्यांनी भरून गेले, कवठे महांकाळवर चारच पडले.

"हे डाग कसले?"

"मोजलेल्या विहिरी हायत, साहेब. तिथं एवढ्याच मोजल्यात. पुसू?"

साहेबांच्या हुकमाची वाट बघत तो तसाच बसून राहिला, एका हातानं डोळे झाकून, दुसऱ्याचं बोट डिलीटवर.