मिरजेत लिहिलेला रत्नागिरी जिल्हा

इस्माईलभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पलूसजवळच्या माझ्या उसात उभा होतो, आणि ऊस असा माजला होता की आत शिरलेल्या माणसाला शोधायला दवंडी पिटावी लागावी. फोनवर त्यांची मुलगी शाहीन होती. "काका, अब्बा गेले," एवढंच म्हणाली. उसातून कुठल्या बाजूनं बाहेर पडलो, मिरजेला कसा पोहोचलो, काही सांगता येत नाही. न घडलेल्या गोष्टी जन्मभर बारीकसारीक तपशिलानं सांगणाऱ्या माणसाला घडलेली एक सांगता येऊ नये... माती दिली, परत आलो. पण जिवाला खरा घोर लागला तो तीन आठवड्यांनी, शाहीनचा दुसरा फोन आला तेव्हा. "अब्बांच्या वह्या छापायचं ठरवलंय. तुमी या, एकदा नजर टाका."

इस्माईलभाई तंबोरे करायचे. कारखान्यामागं दोन खोल्या होत्या, त्या दवाखान्यात आलेल्या पेशंटना आणि त्यांच्या नातेवाइकांना राहायला देत. मिरजेला पेशंट येतात चहूकडून, पण यांच्या खोल्यांत का कोण जाणे, घाट चढून आलेली रत्नागिरीकडचीच माणसं उतरायची. येताना तांदूळ, आमसुलं आणि सुकट आणायची. अंगणात त्यांचा स्टोव्ह पेटला की वासानं गल्लीतली मांजरंच काय, कर्नाटकातली मांजरंसुद्धा रेल्वेनं यायची. ऑपरेशन होईपर्यंत माणसाला बोलायला कुणीतरी लागतं. इस्माईलभाई भोपळा घासता घासता विचारायचे आणि हात पुसून लिहायचे. बंदरात आगबोटी लागायच्या तेव्हाचं लिहिलं, मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरींवर चालणाऱ्या वाड्यांचं लिहिलं. आता आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून गडी येतात, ट्रॉलरमुळं लहान होडीला मासा उरत नाही, निम्मी घरं गणपतीपुरतीच उघडतात, तेही लिहिलं. एवढा माणसांनी भरलेला जिल्हा त्यांनी मिरजेतल्या पाटावर बसून वह्यांत उतरवला. स्वतः समुद्र मात्र कधी पाहिला नाही. चला म्हटलं की म्हणायचे, "खोलीत पेशंटची माणसं हायत. कुलूप लावून कसा येऊ?"

आता माझं पाप. पलटणीतून आल्यावर मी बरीच वर्षं ट्रक चालवला, गूळ घेऊन कुंभार्ली घाट उतरायचो, आणि मिरजेत आलो की त्यांच्या कारखान्यात टेकायचो. त्यामुळं इस्माईलभाईंच्या लेखी मी समुद्र पाहिलेला जाणता माणूस. आणि मी थापाड्या. एका खाडीतल्या खेकड्यानं माझा जॅक पळवला, असं मी सांगितलं. इस्माईलभाईंनी खाडीचं नाव विचारलं, तर मी सासुरवाडीच्या ओढ्याचं ठोकून दिलं. त्यांनी लिहून घेतलं! तंबोऱ्याचा सूर खुलवायला जवारी लावताना तारेतली केसाएवढी खोट ज्याच्या कानाला कळते, त्याला माझी बैलाएवढी कळू नये, याची मला गंमत वाटायची. मग गंमत अंगवळणी पडली.

एकदा त्यांनी विचारलं, "शिवा, खाड्यांवर पूल झाले. होडीवाल्यांचं काय रं झालं?"

मला काय माहीत? मी पुलावरून ट्रक हाकला होता, खाली वाकून कोण बघतंय? पण गप्प बसणं माझ्या रक्तात न्हाई. म्हटलं, "आवं, एका गावात काय झालं, पूल सुरू झाला त्या दिवशी सगळा गाव होडीपाशी गेला. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सरपंचसुद्धा. होडीवाल्याला म्हणाले, आमी तुझ्याच होडीतनं जाणार. सव्वा महिना पुलावर गावातल्या माणसानं पाय ठेवला न्हाई."

इस्माईलभाईंनी हातातली कानस खाली ठेवली. "सव्वा महिना?"

"व्हय. सव्वा महिना."

हात पुसून वही ओढली. मग लिहिता लिहिता म्हणाले, "लय मोठी माणसं, गड्या."

शेवटचे भेटलो तेव्हा नाकाला नळी होती. बोलताना दम लागत होता, तरी म्हणाले, "वह्यांत सगळ्यात चांगलं पान तुझं हाय... होडीचं." तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी काय म्हणालो? "आवं, आधी बरं व्हा." आणि फळांची पिशवी ठेवून पळालो.

म्हणून शाहीनपुढं बसलो तेव्हा तिचा चहा यायच्या आत सगळं ओकून टाकलं. म्हटलं, माझी सगळी पानं फाड पोरी, न्हाईतर त्यांचं नाव माझ्यामुळं खोटं पडंल. ती हसायलाच लागली. वही उघडून पुढं सरकवली. खेकड्यावर काट, समासात इस्माईलभाईंचं बारीक अक्षर: "शिवाची थाप. गुहागरच्या गुरुजींना विचारले, पोट धरून हसले." पुढं काट, परत काट. आलेल्या प्रत्येक माणसाला ते माझी पानं वाचून दाखवत होते! माझ्यावर एवढी पाळत पलटणीतल्या सुभेदारानंही ठेवली नव्हती. फक्त होडीचं पान शाबूत होतं. खाली एका बाईचं नाव, गाव आणि लिहिलेलं: "यांच्याच गावची गोष्ट. सव्वा महिना नव्हे, आठ दिवस." आणि त्याखाली: "सांगताना बाई नवऱ्याकडे बघत होती. पुन्हा विचारावे."

"अब्बांचं विचारायचं राहून गेलं," शाहीन म्हणाली. "छापू का खोडू, काका?"

मी बनवलेली गोष्ट खरी कशी निघंल? चहा तसाच ठेवून उठलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीत बसलो.

गाव खाडीकाठचं, नाव लिहीत नाही. वर पुलावरून गाड्या सुसाट चाललेल्या, खाली धक्क्यावर चिटपाखरू नाही. घराच्या ओटीवर बाईंचे यजमान बसले होते, डोळ्यांनी अधू. मिरजेहून आलो म्हणताच खुलले आणि माझीच गोष्ट मला ऐकवू लागले. "माझ्या वडलांची होडी! पूल झाला नि अख्खा गाव होडीत! दोन महिने पुलावर कोण गेला नाय!" मी थक्क. माझ्याहून वस्ताद भेटला होता.

बाई निरोप द्यायला बेड्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या फाटकापर्यंत आल्या. तिथं हळूच म्हणाल्या, "कोण नाय आला हो. पुलावर वाजंत्री, पेढे, सगळा गाव वरती. सासरे सकाळपासून होडीत बसून. दुपारी एकटेच पलीकडे गेले नि परत आले. हे तेव्हा मुंबईला नोकरीत. यांना मी कधी बोलले नाय."

"मग इस्माईलभाईंना हो का म्हणालात, ताई?"

"दुसऱ्या दिवशी यांचं ऑपरेशन होतं. भाईंनी ते वाचलं नि हे खाटेवर उठूनच बसले... मी काय सांगणार? सव्वा महिना जरा जास्त वाटला, म्हणून आठ दिवस केले."

मी विचारलं, आता पुस्तकात काय घालू? त्यांनी ओटीकडं एकदा वळून पाहिलं. "भाई खरं लिहायचे ना? मग खरंच घाला. यांना कुठं दिसतंय... वाचून मीच दाखवणार आहे."

मिरजेला परतलो तो थेट कारखान्यात. ती थापच होती म्हटल्यावर शाहीननं माझं पान खोडलं आणि पेन धरून वाट बघत बसली. मी सांगितलं, "पूल सुरू झाला त्या दिवशी होडीत कोणी आलं नाही. होडीवाला एकटा पलीकडे गेला आणि परत आला."

तिनं लिहिलं. "पुढं काय, काका?"

जिभेवर दहा गोष्टी आल्या होत्या.

"काय न्हाई," मी म्हटलं. "एवढंच झालं."