मामांची शब्दमोजणी

पुण्यात मोजण्याजोगं जे काही आहे, ते माझ्या बायकोच्या मामांनी एकदा तरी मोजलेलं आहे. सबंध नोकरी त्यांनी एका कारखान्यात तयार मालातले सदोष नग बाजूला काढण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर तीच नजर जगाकडे वळवली. पंगतीत शेजाऱ्याने किती जिलब्या खाल्ल्या, हे त्या शेजाऱ्याच्या आधी मामांना ठाऊक असे. मी हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे नक्की काय करता आपण?" मी सांगितलं, की शेकडो फायली एका फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि चार ओळींच्या सूचना लिहायच्या, त्याला स्क्रिप्ट म्हणतात, मग संगणक एकेक फाइल उघडतो, सांगितलेलं मोजतो आणि शेवटी बेरीज देतो. "आणि याचा पगार देतात?" मामा म्हणाले. पुढच्या रविवारी ते वही-पेन घेऊन आमच्या दारात उभे होते.

विद्या हाती येताच पहिला बळी गेला तो त्यांच्या कर्वेनगरच्या सोसायटीचा. मामांनी कित्येक वर्षांची इतिवृत्तं दोन बोटांनी टाइप केली, दर सभेची एक फाइल, आणि वार्षिक सभेत उभं राहून निकाल वाचला. "'ठरले' हा शब्द एकशेचार वेळा आला आहे. 'झाले' तीन वेळा. त्यातलं एकदा 'चहापान झाले' आहे." चेअरमन दुखावून म्हणाले, "आणि पाण्याबद्दल आम्ही इतकं बोललो, ते?" कारण मामांच्या यादीत 'पाणी' दोनदाच होतं. चूक स्क्रिप्टची होती. तिच्या लेखी 'पाणी', 'पाण्याचा', 'पाण्यामुळे' हे तीन निराळे शब्द. मामा मला म्हणाले, "जावईबापू, तुमच्या यंत्राला विभक्ती शिकवलेली दिसत नाही." मग कुठली रूपं कुठल्या शब्दात धरायची, याची यादी ते स्वतःच करत बसले. मामी स्वयंपाकघरातून म्हणत, "अहो, शब्द मोजून झाले असतील तर त्यातले दोन-चार बोला." मामी अखंड बोलत. मामा हूं म्हणत.

एका सकाळी पोळ्या लाटता लाटता मामींच्या हातातून लाटणं गळून पडलं. पक्षाघाताचा झटका होता. हात महिन्याभरात सावरला, वाचा मात्र गेली. बोलण्याचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज काय बोलतात ते लिहून ठेवा. दुसऱ्या कोणी वही घातली असती. मामांनी नवा फोल्डर उघडला. दिवसाची एक फाइल, आणि संध्याकाळी सगळ्या फायलींवरून स्क्रिप्ट फिरवायची : जुने शब्द किती, नवे किती. पहिल्या फायलीत एकच शब्द होता, 'नको', सतरा वेळा. दुसऱ्या आठवड्यात 'चहा' आला, तेव्हा मामांनी मला भर मीटिंगमध्ये फोन करून कळवलं. मग एकदा औषधाची पुडी हातात घेऊन मामी अडखळत म्हणाल्या, "पाण्यात." मी म्हटलं, तुमच्या यादीप्रमाणे हा 'पाणी'मध्येच जाईल. "नाही," मामा म्हणाले, "वेगळा मोजायचा. तो 'त' तिने स्वतः लावलाय." आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

चार-पाच महिन्यांनी एका रविवारी आम्ही दोघं गेलो. मामी माझ्या बायकोला काही सांगू लागल्या. "हे... पोहे करतात. मीठ नाही. रोज नाही." मामा शेजारी निमूटपणे टाइप करत होते. मामींना हुरूप आला. पोह्यांवरून आमटी निघाली, आमटीवरून मामांच्या आईचा विषय निघाला. शब्द धडपडत, एकमेकांवर आपटत येत राहिले. दोन बोटांना ते झेपेना. "जरा थांब," मामा म्हणाले. "नाही... थांबणार," मामी म्हणाल्या. मामांनी हात काढून घेतले, खुर्ची उचलली आणि मामींसमोर नेऊन ठेवली. ती फाइल एका अर्ध्या शब्दावर थांबली आहे.

त्यानंतर मामी चार वर्षं होत्या. त्या गेल्यावर काही महिन्यांनी मामांनी नवा संगणक घेतला आणि जुन्यातलं सगळं हलवायला मला बोलावलं. मामींचा फोल्डर त्या रविवारपाशी संपत होता. मी इकडेतिकडे शोधून पाहिलं. शेवटी विचारलं, "मामा, पुढच्या चार वर्षांच्या फायली दिसत नाहीत."

"नाहीतच," मामा म्हणाले. "वेळ कुठे होता? ती बोलत होती."