उशी, ताट आणि तिचं नाव

मी जन्माची घायकुती. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं मीच पुरं करते. माझा नवरा म्हणतो, तुझ्याशी बोलताना माणसाचे निम्मे शब्द वाचतात. ही खोड मला फक्त एकीपुढे आवरता येते, आणि ती कशी आवरली त्याची ही गोष्ट.

ऐंशीच्या दशकात आम्ही बदलापूरला, बेलवलीत राहायचो. मे महिन्यातल्या रविवारी दुपारी आमच्या पुढच्या खोलीत मैत्रिणींचा अड्डा जमायचा. खायला कागदावर ओतलेली भेळ आणि माठातलं पाणी. खेळायला एक उशी, एक ताट आणि एक लाटणं. आई आमच्याकडे पाठ करून बसायची आणि लाटण्याने ताट बडवायची. आम्ही गोल करून उशी एकमेकींकडे ढकलायचो. ताट थांबलं की जिच्या हातात उशी सापडेल, तिच्या नावाने बाकीच्या ओरडायच्या, "नाव घे! नाव घे!" मग तिने उखाणा घ्यायचा. लग्न एकीचंही झालेलं नव्हतं. त्यामुळे नवरे सगळे मनातले, आणि एकीचा तर दर रविवारी बदलायचा.

उल्हासनगरच्या कॅम्पातून येणारी आमची एक सिंधी मैत्रीण होती, कॉलेजातली. तिला उखाण्याचं वेड लागलं होतं. उशी मुद्दाम धरून ठेवायची आणि ठसक्यात म्हणायची, "कॅम्प के मार्केट में पापड का गठ्ठा, मेरेवाले का नाम लेती, मत करो थट्टा!" आम्ही हसून हसून आडव्या व्हायचो. आई तिकडे तोंड करूनच हसायची, पण तिची पाठ हललेली दिसायची.

माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मात्र या खेळात उशी निखाऱ्यासारखी पुढे टाकायची. ती कुळगावची. बोलताना अडखळायची, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्याच नावाशी. नाव ‘प’ने सुरू होणारं. ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत, मान ताठ व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं. मला ते बघवायचं नाही. कुणी तिला नाव विचारलं की मी पटकन सांगून मोकळी व्हायचे. शाळेपासून तिचं नाव तिच्यापेक्षा मीच जास्त वेळा सांगितलं असेल.

त्या वर्षी तिला बघायला पाहुणे आले. पोह्यांची बशी ठेवून ती बसली आणि नेहमीचा प्रश्न आला, "नाव काय बाळ तुझं?" ओठ मिटले. शेवटी तिच्या आत्याने नाव सांगितलं. पाहुण्यांपैकी एक बाई उठताना म्हणाल्या, "मुलगी बोलते ना?"

पुढचं स्थळ बघायला येणार असं ठरलं तेव्हा ती आमच्या मागच्या पायरीवर येऊन बसली. अडखळत अडखळत म्हणाली, "माझ्या आईला सांग, त्यांना म्हणावं मी मु… मुकी आहे. सोपं पडेल सगळ्यांना." ती चेष्टा करत नव्हती. तिने खरंच बोलणं सोडायचं ठरवलं होतं.

त्याच रविवारी ताट थांबलं तेव्हा उशी तिच्या मांडीवर होती.

"नाव घे!" सवयीने ओरडलो आणि जीभ चावली. ‘तिच्याऐवजी मी घेते’ म्हणायला मी तोंड उघडलं. आई मागे न वळताच म्हणाली, "तू गप गं. तिचं नाव तिच्या तोंडात राहू दे."

खेळाचा नियम असा, की उखाणा चालू असताना ताट वाजवायचं नाही. आईने तो मोडला. लाटणं खाली ठेवलं आणि बोटाने ताटाच्या काठावर हळू ठेका धरला, ओवीला धरतात तसा. टक, टक, टक. घाई नाही. मैत्रीण खाली बघत होती. तिचं बोट उशीवर त्याच तालात हलायला लागलं, आणि मग आवाज आला:

"बेलवलीच्या माळावर करवंदांची जाळी दाट, … माझं नाव, सोडा माझी वाट."

मधल्या जागी तिचं स्वतःचं नाव होतं. सरळ, न अडता. ते मी इथे लिहीत नाही. बरीच वर्षं मी ते तिच्या वतीने सांगितलं, आता पुरे.

"ये तो चीटिंग है काकू!" सिंधी मैत्रीण ओरडली. "नवऱ्याचं घ्यायचं ना!"

"नाव घे म्हणालात, तिने घेतलं," आई म्हणाली आणि लाटणं उचललं. "चला, उशी फिरवा." आणि ती माझी मैत्रीण, उशी छातीशी धरून, रडत होती का हसत होती ते मला आजही सांगता येणार नाही. मी मात्र रडत होते.

त्या स्थळाकडून नकारच आला. पण या वेळी नाव तिच्याच तोंडून ऐकून आला. पुढे ती आनंदनगरला एका कारखान्यात पॅकिंगला लागली, लग्नही यथावकाश झालं. अडखळणं गेलं नाही, तसं ते जातही नाही. पण मुकी म्हणून सांगा, असं ती परत कधी म्हणाली नाही.

नव्वदच्या दशकात आमच्या घरी फोन बसला. मी तेव्हा अंबरनाथला, सासरी. एका संध्याकाळी घंटी वाजली. नवऱ्याने उचलला, दोनदा हॅलो म्हणाला आणि वैतागला. "कुणी बोलत नाही. ठेवतो."

मी रिसिव्हर हिसकावून घेतला. पलीकडे कुणी बोलत नव्हतं खरं. पण रिसिव्हरवर बोट वाजत होतं. टक, टक, टक.

कोण आहे ते मला तिथेच कळलं. नाव माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं, खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "कोण बोलतंय?"

आणि ती सांगेपर्यंत थांबले.