मामींच्या हातातल्या मुंग्या

गेल्या थंडीत आमच्या फ्लॅटमधला मेनचा खटका रोज सकाळी पडायला लागला. बोर्डात एमसीबीच्या रांगेशेजारी एक जरा मोठी पेटी असते, ईएलसीबी. वीज पाण्यात किंवा कुणाच्या अंगात गळायला लागली की ती अख्खं घर बंद करते. आमची पेटी नेमकी साडेसात ते नऊच्या मध्ये पडायची. मिक्सरमध्ये चटणी अर्धी, शर्टाची इस्त्री अर्धी.

पहिला संशय गिझरवर गेला. पण त्याचं बटण बंद ठेवूनही दुसऱ्या दिवशी खटका पडलाच, म्हणून आम्ही गिझरला निर्दोष सोडून दिलं आणि नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

"एकेक लाइन सोडून बघावी लागेल साहेब. अख्खा दिवस जाईल. रविवारी करू."

"रविवारचं बघू. आत्तापुरतं डायरेक्ट करून द्या," मी म्हणालो.

"म्हणजे पेटीच काढून टाकायची? घरात म्हातारं माणूस आहे ना?"

"आठवड्याचा तर प्रश्न आहे."

"तुमच्या जबाबदारीवर हां." त्याने तारा थेट जोडल्या आणि गेला.

मी सातपूरला एका कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. तिथे कोणी असं केलं असतं, तर मी स्वतः त्याला मेमो दिला असता. घरी मात्र वीज जाणं बंद झालं आणि मी तो विषय विसरलो. तो रविवार गेला. नंतरचे चारही गेले.

घरातलं म्हातारं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना मामी म्हणतो. लासलगावकडच्या एका खेड्यात त्या राहतात, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या होत्या. लेकीच्या घरी काही कमी आहे असं बोलून दाखवायचं नाही, हा त्यांचा नेम. चहात साखर विसरली तरी तसाच पितील. म्हणून त्या सकाळी त्या जे बोलल्या, ते बोलायला त्यांना किती अवघड गेलं असेल, हे मला आता कळतं.

"जावईबापू, नळाला हात लावला का मुंग्या येत्यात बघा हातात."

मी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणालो, "मामी, शुगर आहे ना तुम्हाला. शुगरमध्ये येतातच."

"असंल," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कधी काही बोलल्या नाहीत.

मी मात्र ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी कारल्याचा रस काढून त्यांच्यासमोर उभा राहायचो. जावई देतोय म्हणून त्या डोळे मिटून तो घशाखाली ढकलायच्या. सासूची एवढी काळजी घेणारा जावई म्हणून मी स्वतःवरच खूश होतो. काही दिवसांनी त्यांच्या बाथरूममधल्या नळावर मला दुधाची धुतलेली पिशवी रबर लावून बांधलेली दिसली. "तुझ्या आईने नळाला टोपडं घातलंय," असं म्हणून मी बायकोसमोर हसलो. ते हसणं मला अजून टोचतं.

एका शनिवारी बायको म्हणाली, "आई गावाला जाते म्हणतेय. परवा तिचा भाचा न्यायला येतोय."

"का? डोळ्याची तपासणी राहिलीय की."

"मावशीचं असंच झालं होतं म्हणे. आधी हाताला मुंग्या, मग एक बाजूच गेली. लेकीच्या घरी अंथरुणाला खिळायचं नाही म्हणते."

रविवारी सकाळी आमच्या बाथरूममध्ये बायको होती, म्हणून मी मामींच्या बाथरूममध्ये अंघोळीला गेलो. ती पिशवी मध्ये येत होती. काढून नळ धरला आणि कोपरापर्यंत झिणझिणी गेली.

मला शुगर नाही.

तसाच ओल्या अंगाने बाहेर आलो. मेन बंद केला, बोर्ड उघडला आणि तारा पुन्हा पेटीत घातल्या. मेन चालू केला. खटका लगेच पडला. इलेक्ट्रिशियनला फोन लावला, तर तो लग्नाला गेलेला, संध्याकाळी येणार. मामींच्या बाथरूमला कुलूप लावलं, त्यांचं पाणी गॅसवर ठेवलं आणि बायकोला सांगितलं, "संध्याकाळपर्यंत मी शोधतो. सापडल्याशिवाय आज उठणार नाही."

घरातले सगळे प्लग उपसले. फ्रिज ओढला, वॉशिंग मशीन सरकवलं. सगळी बटणं बंद करून खटका वर केला की राहायचा, आणि कुठलंही यंत्र चालू केलं की थोड्या वेळाने पडायचा. फ्रिज लावला, पडला. फ्रिज काढून इस्त्री लावली, तरी पडला. सगळीच यंत्रं एकदम कशी बिघडतील? दुपारपर्यंत तीन स्विचबोर्ड उघडून झाले. जेवणाचं ताट झाकून ठेवलेलं होतं. मग लक्षात आलं, एक प्लग मी उपसलेलाच नाही. मामींच्या बाथरूमच्या गिझरचा. तो वर माळ्याजवळ होता, आणि बटण बंद आहे म्हणून मी त्याला सकाळपासून हिशेबातच धरलं नव्हतं.

शिडी लावून तो काढला. मग फ्रिज, इस्त्री, मिक्सर, सगळं एकदम चालू केलं. खटका हलला नाही. प्लग पुन्हा लावला, बटणाला हातही लावला नाही, तरी पडला. तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

मी फोनवर कळवलं होतं, म्हणून संध्याकाळी इलेक्ट्रिशियन गिझरची नवीन कॉइल घेऊनच आला. जुनी बाहेर काढली तर बोअरच्या पाण्याच्या क्षाराने पांढरी होऊन फुटलेली. प्लगच्या सॉकेटमधली अर्थिंगची तार गंजून नावाला टेकलेली. "बटणाने एकच तार तुटते साहेब, दुसरी जोडलेलीच राहते. सकाळी घरातला भार वाढला की तिच्यातून गळायचं, आता कॉइल पार फुटली म्हणून थोड्या भारालाही. आणि अर्थिंग असं असल्यावर गळणारी वीज जाणार कुठे? नळात." त्याने कॉइल बदलली, अर्थिंगची नवी तार ओढली, टेस्टचं बटण दाबून खटका पाडून दाखवला.

तो गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "आईला एवढंच सांग, गिझर खराब होता. डायरेक्टचं कशाला?"

मोह झाला. पण खराब गिझर कुणाच्याही घरात असतो. इलेक्ट्रिशियनने सांगूनही न ऐकणारा मी होतो, आणि मामी महिनाभर स्वतःच्या हाताला घाबरत होत्या. मी त्यांच्या पलंगाशी खाली बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

त्यांनी मूठ मिटली, उघडली. "म्हंजी हात माझा चांगला हाय?"

"चांगला आहे मामी. चूक माझी होती."

"आन् ते कारलं?"

"त्याची काही गरज नव्हती."

"महिनाभर पाजलं की वो!" बायकोला हसू फुटलं. मामी हसल्या नाहीत. "तुम्ही शिकलेले. मला वाटायचं नळातच कायतरी हाय. पर जावई म्हणत्यात, तर शुगरच असंल."

मी म्हणालो, "डोळ्याची तपासणी होईपर्यंत थांबा. नंतर मी स्वतः सोडायला येतो."

"ते उद्या भाचा आल्यावर बघू. उद्या आधी तुम्ही नळ धरायचा. चपला काढून."

सोमवारी सकाळी मामी टॉवेल घेऊन बाथरूमच्या दारात उभ्या राहिल्या. मी अनवाणी ओल्या फरशीवर गेलो. पेटी जागेवर होती, तार नवी होती, मी स्वतः तपासलेलं होतं, तरी नळाशी नेलेला हात मी एकदा मागे घेतला. या बाई रोज सकाळी एवढं करून अंघोळ करत होत्या.

"धरा. सोडू नका," त्या म्हणाल्या. "आता दोन्ही हातांनी."

मी दोन्ही हातांनी धरला. त्या माझ्या हाताकडे नाही, तोंडाकडे बघत होत्या.

"बरं. व्हा बाहेर."

कडी लागली. आत बादलीत पाणी पडायला लागलं. मग आतूनच आवाज आला, "गेले का कामाला?"

"नाही मामी, इथेच आहे."

"मग थांबा जरा."

कंपनीची बस चुकणार होती. मी थांबलो.