सांगायचं काम डॉक्टरचं

पुसदच्या दवाखान्यात एक्स-रे काढणारा तो गृहस्थ फोटोत काय दिसलं ते कधीच सांगत नसे. विचारलं की भिंतीकडे पाहून म्हणे, "ते सांगाचा अधिकार डॉक्टरले हाय."

माझा भाऊ झाडावरून पडला, त्या दिवशी डॉक्टर दौऱ्यावर होते. ओली फिल्म उजेडाला धरून तो नुसताच उभा राहिला.

"मान मोडली काय हो?"

"मले सांगता येत नाही. यवतमाळले न्या. मान हलू देऊ नका."

आम्ही भावाला कापसाच्या ट्रकमध्ये निजवलं. तो एक्स-रेच्या खोलीला कुलूप लावून मागोमाग चढला आणि त्यानं भावाचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं. वाटभर ते सोडलं नाही.

यवतमाळच्या डॉक्टरांनी फिल्म पाहिली. "मोडली आहे. हलली असती तर हा वाचला नसता."

त्यानं भावाचं डोकं अजून तसंच धरलेलं होतं.

"आता सोडू काय, साहेब?" त्यानं विचारलं.