बोदात दाबलेले मोजे

मी खवचट आहे आणि काटकसरीही. दोन्ही गुण एकाच बाईत आले की घरातल्यांना ते फार जड जातात. निपाणीत आमची तंबाखूची लहानशी वखार होती. माल घ्यायचं काम मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. आत बायकांकडून पाला निवडून घेणं आणि बोद भरून घेणं माझ्याकडे. बोद म्हणजे तागाचं मोठं पोतं, पायांनी तुडवून तुडवून कठीण भरलेलं. दोन पोत्यांचा माल एकात कसा बसवायचा, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

दुसऱ्या महायुद्धात माझा धाकटा दीर पलटणीबरोबर इटलीला गेला. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात त्याचं पत्र आलं. धाकट्या जावेला वाचता येत नव्हतं म्हणून मी वाचून दाखवलं. डोंगरात बर्फ आहे, बूट दिवसदिवस ओले राहतात, पायांची बोटं बधिर होतात. घरचे जाड लोकरीचे मोजे पुढच्या थंडीच्या आत मिळाले तर पाय वाचतील. जावेनं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. मग ते चोळीत खोचून ती भाकऱ्या करायला बसली.

बेळगावात तेव्हा काही बायकांनी समिती काढली होती. पलटणीतल्या जवानांसाठी हाताने विणलेले कपडे गोळा करून त्या बोटीनं पाठवत. त्यांच्यातली एक शाळामास्तरीण निपाणीला येऊन आम्हांला चार सुयांवर मोजे विणायला शिकवून गेली. लोकर आमच्याच धनगरांची, घोंगडीची, काळी आणि टोचरी. पण पाय उबदार ठेवायला तिच्यासारखी दुसरी नाही. उन्हाळाभर गावातल्या बायका विणत होत्या. जावेनं तळव्याला दुहेरी वीण घालून एक जोड केला आणि आत तांबड्या दोऱ्यानं खूण शिवली.

अडचण होती ती पाठवण्याची. बोटीत जागा कमी. समितीचा निरोप आला, प्रत्येक गावाचा एकच गठ्ठा, ठरावीक मापाचा. तेवढ्याचं भाडं समिती भरेल, जास्तीचं ज्याचं त्यानं बघावं. आमच्याकडे स्वेटर, गळपट्टे आणि मोजे मिळून खोली भरली होती. बाकीच्या बायका हिरमुसल्या, मी मात्र खूश झाले. म्हटलं, हे तर आपलंच काम!

तेवढ्यात जाऊ जवळ येऊन हळूच म्हणाली, "आक्का, माझा एक जोड टपालानं धाडू या का? माझ्याजवळ थोडं पैसं हाईत."

"चार आण्याची कोंबडी आन् बारा आण्याचा मसाला!" मी सगळ्यांसमोर म्हटलं. "फुकट जातंय तर पैसं कशाला जाळतीस गं? तुझ्या नवऱ्याचं पाय काय जगायेगळं हाईत व्हय?"

बायका हसल्या. जाऊही हसली आणि तिनं मोजे माझ्या हातात दिले.

वखारीतला एक जुना बोद आम्ही झटकून घेतला. एकीनं कपडे अंथरायचे, तिघींनी वर चढून तुडवायचं. दर थरावर मी तंबाखूच्या पानांचा चुरा पसरत होते. दुसरीकडे लोकरीत कडुनिंबाचा पाला घालत असतील, आमच्या निपाणीत घरोघर तंबाखू घालतात. लोकर कुरतडणारी कसर म्हणून लागत नाही. अख्खी खोली त्या एका बोदात मावली. तोंड शिवून त्यावर कागद लावला, 'लोकरीचे विणलेले कपडे'. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की रात्री मालकांना मी ते दोनदा सांगितलं.

वर्षभरापूर्वीच सरकारनं तंबाखूवर नवी जकात बसवली होती. आमच्या वखारीत शिपाई येऊन प्रत्येक बोदावर शिक्का मारून जात, मी स्वतः त्यांना चहा दिलेला. आणि तरीही आपण बोदात तंबाखू घालतोय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तंबाखू म्हणजे विकायचा माल. घडीत घालतो ती तंबाखू नव्हेच, ती कसरीवरची पूड, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मुंबईच्या बंदरात जकातीच्या शिपायानं बोदात सळई खुपसली. सळईबरोबर चुरा बाहेर आला. कागदावर लोकर, पोत्यावर तंबाखूचा वास, आत तंबाखू. जकात चुकवलेला माल समजून बोद अडकवून ठेवला. तिथून समितीला आलेलं पत्र इंग्रजीत होतं, ते बेळगावात या हातातून त्या हातात फिरलं. बोद पावसाळाभर उघड्यावर पडला होता. दिवाळीनंतर तो बेळगावच्या स्टेशनावर परत आला आणि तिथून मोटारीच्या टपावरून आमच्या दारात.

उसवला तेव्हा आत एकच काळा, बुरसलेला गोळा होता. वरचे कपडे हातात घेताच फाटत होते. तासभर शोधून जावेनं तांबड्या दोऱ्याचा जोड बाहेर काढला, विहिरीवर धुतला आणि वाळत घातला. बोटांच्या जागी दोन्ही मोजे कुजले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल माझा नव्हता.

लढाई संपल्यावर दीर घरी आला. उजव्या पायाची चार बोटं कापलेली, डाव्याची दोन. आठवड्यानंतर एका दुपारी पुढच्या सोप्यात बसून त्यानं बायकोला विचारलं, "मोजं धाडतो म्हणून लिवलंतासा. सगळ्यांच्या गावचं आलं. माझं कुठं गेलं?"

मी तिथेच पाला निवडत होते. मी पुढचं पान उचललं.

"इणून झालंच न्हाईत," जाऊ म्हणाली. "हात दुखत हुतं माझं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. पुढे दोघांचा संसार झाला, मुलं झाली. पण तिच्या हातचं पाणीही तो कधी मागून प्यायला नाही. तिनं ठेवलेला तांब्या तो स्वतः उचलून घेई. मला लाज वाटायची आणि रोज मी ठरवायचे, उद्या सांगू.

जाऊ तापानं गेली. तेराव्याची माणसं पांगल्यावर मी दिराला सगळं सांगितलं. टपालाचं, बोदाचं, तंबाखूचं.

"मी मोज्यांचं इचारलं तवा तुमी तितंच बसला हुता की, वैनी," तो म्हणाला.