बसली, म्हणजे लागली

अण्णांचा फोन आला तेव्हा मी हेब्बाळच्या उड्डाणपुलावर गाडीत अडकले होते. "अक्का गेली गं," एवढंच म्हणाले. अण्णा माझे आतेभाऊ, अक्का त्यांची थोरली बहीण. काही दिवसांपूर्वीच जयनगरच्या घरी तिला भेटले होते. घसा बसला होता, शब्द फुटत नव्हता, तरी कुजबुजत चिडवलंच तिनं, "कुठल्या अर्थानं बसला, विचार की…"

या चिडवण्यामागं माझा वेंधळेपणा होता. अक्कानं जन्मभर एका कंपनीत संगणक दुरुस्त केले. मी नोकरीसाठी पुण्याहून इथं कन्नड मुलखात आले त्या वर्षी माझा संगणक बंद पडला आणि नवी हार्ड डिस्क कशी जोडायची, ते ती फोनवरून सांगत होती. डिस्क खाचेत नीट बसल्याबरोबर मी आनंदानं ओरडले, "अक्का, बसली!" आणि फोनची बॅटरी संपली. तिच्या लेखी धंदा बसतो, तशी डिस्क बसली. जयनगरहून बस बदलत, पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर घेऊन, घामाघूम होऊन ती दारात उभी राहिली, तेव्हा मी निवांत उपमा खात होते. "लागली म्हण गं, लागली! बसली म्हटलं की मला बस बदलत यावं लागतं," असं ओरडून तिनं माझ्याच ताटलीतला उपमा ओढून घेतला.

तिची पद्धत ठरलेली. आधी वायर, मग वीज, मग जुळणी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि डिस्कवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. "घरात काही हरवलं की नव्या सुनेकडं बघतात, तसं करू नये," म्हणायची. स्वतः लग्न केलं नाही. "माझी पत्रिका कुणाशी जुळली नाही, डिस्कांच्या मात्र जुळवल्या," हे वर.

दिवसकार्य आटोपल्यावर अण्णांनी तिचा जुना संगणक लावला, तर तो सुरूच होईना. त्यात आत्याच्या गोष्टी होत्या. आत्या लग्न होऊन इथं आली आणि तिच्या मराठीत कन्नड कधी मिसळलं ते तिलाही कळलं नाही. त्या मराठीतल्या गोष्टी अक्कानं जेवणाच्या टेबलावर बसून तिच्याकडून वदवून, तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. साऱ्या जगाला दुसरी प्रत काढायला लावणाऱ्या बाईनं स्वतःची प्रत मात्र काढली नव्हती. दिव्याखाली अंधार! अण्णांनी संगणक दुकानात नेला, तर दुकानदारानं आतल्या दोन्ही डिस्क काढून परत केल्या. "डेड, सार. बिडी," म्हणजे सोडून द्या. अण्णाही म्हणाले, "राहू दे आता." मला संताप आला. माणूस गेलं ते गेलं, आता आवाजही टाकून द्यायचा? मी इरेला पेटले.

त्याच जेवणाच्या टेबलावर, अक्काच्याच स्क्रूड्रायव्हरनं मी सुरुवात केली. थोरली, म्हणजे मुख्य डिस्क, खरंच कामातून गेली होती. गोष्टी धाकटीत, म्हणजे दुसऱ्या डिस्कमध्ये होत्या. तिची रुंद, जुनी खाच माझ्या लॅपटॉपला कुठून चालणार? मधे जोडायचं यंत्र आणलं. डिस्क फिरेना. वायर बदलली, तरी नाही. मग वीज. लॅपटॉपची वीज तिला पुरत नव्हती, म्हणून वेगळी दिली आणि आतल्या चकत्या घरघरू लागल्या. पण लॅपटॉप तिला ओळखेना. राहिली जुळणी… मागच्या बाजूला पिनांवर प्लास्टिकचं इवलंसं टोपण दिसलं. पूर्वी एका वायरवर दोन डिस्क असत, तेव्हा त्यातली थोरली कोण आणि धाकटी कोण, हे त्या टोपणावरून ठरायचं. ही अजून धाकटीच होती. थोरली गेली होती, आता हिनंच पुढं व्हायला हवं होतं. मी चिमट्यानं टोपण काढून शेजारच्या, थोरलीसाठीच्या पिनांवर लावलं.

पडद्यावर एकेक फाइल उमटू लागली आणि भान न राहून मी ओरडले, "बसली!"

अण्णा स्वयंपाकघरातून धावत आले. चेहरा पडलेला. "म्हणजे… गेली?"

"नाही अण्णा, लागली!" म्हणत मी पहिली फाइल उघडली. आधी भांड्यांचा आवाज आला. मग अक्काचा… खणखणीत, घसा मुळीच न बसलेला. "आई, स्वल्प थांब, वायर बघू दे. हं, लागली. आता बोल."

अण्णांनी खुर्ची ओढली आणि जेवणाच्या टेबलाशी बसले.